‘व्हतं’पाशी थांबणारा बेंजो

काका, काल आळेफाट्याला एका पिकअपमध्ये आपलं गाणं वाजत होतं.

मी चहाला थांबले होते. टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी नगरच्या रस्त्याला तोंड करून उभी होती, ड्रायव्हर खाली उतरून टायर बघत होता, आणि केबिनमधून तुमचा बेंजो येत होता. आधी वाटलं, मलाच भास होतोय. तुम्ही गेल्यापासून मला तो कुठंही ऐकू येतो, पंख्यात, मिक्सरमध्ये, मोटारीच्या घरघरीत. पण मग मागून माझा स्वतःचा आवाज आला आणि हातातला चहा मी तसाच बाकावर ठेवला. सरळ त्या ड्रायव्हरकडं गेले आणि विचारलं, हे गाणं कुठलं.

“म्हाईत न्हाय ताई, मित्रानं पाठवलंय,” तो म्हणाला. “बाई कोण हाय कुणास ठाऊक. पण बेंजो लई भारी वाजवलाय.”

ती बाई मीच, असं मी त्याला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही. मला इतका आनंद झाला होता की तो अंगात मावत नव्हता, आणि तो ज्याला सांगायचा त्याचं नाव मी फोनमध्ये शोधायलाही लागले होते. ‘सुदामकाका हॉर्नवाले’. नाव आलं, त्याच्या पुढं तुमचा तो बेंजो छातीशी धरलेला फोटो आला, आणि मग लक्षात आलं. फोन पर्समध्ये टाकला. चहा गार झाला होता, तो तसाच प्याले. आणि तरीही काका, खरं सांगते, घरी येईपर्यंत मी स्कूटीवर गात आले.

म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्यावर रडून लिहावं असं बाकीच्यांना वाटतंय. ओतूरच्या आमच्या कॉलेजच्या अंकासाठी मला दोन शब्द मागितलेत, ‘ज्येष्ठ वादक’ असा मथळा ठेवून. ते मी लिहीन कधीतरी. आधी तुम्हाला सगळं सांगायचं आहे, कारण तुम्ही नेमके त्या वेळी गेलात जेव्हा खरी मजा सुरू होणार होती.

अल्बम परवा बाहेर पडला. नाव ‘फाटा’च ठेवलं. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. फाटा म्हणजे फाटलेलं, चांगल्या कामाला असलं नाव ठेवू नये, हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंत की एकदा मीही घाबरले होते. पण आपण भेटलो ते फाट्यावर. तुमचं शेड फाट्यावर, गाण्यातली बाई फाट्यावर. दुसरं काय ठेवणार होते मी?

आपण भेटलो तो दिवस तुम्ही लोकांना फार वेगळा सांगायचात. तुमच्या सांगण्यात मी गिटार घेऊन रडत तुमच्या दारात आले होते. मी रडत नव्हते. गिटारची वायर जिथं खोचतात तो जॅक तुटला होता, दुरुस्तीला पुण्याला जाण्याएवढी सुट्टी नव्हती, आणि मी कामाला आहे त्या कॉलेजच्या लायब्ररीत एकानं सांगितलं की फाट्यावर ट्रकचे हॉर्न आणि लाईट करणारे एक काका आहेत, ते असलं काहीही डाग देऊन जोडतात. तुम्ही गिटार हातात घेतली, उलटी केली, आत वाकून बघितलं आणि मला विचारलंत, “मॅडम, ह्यो बाजा वाजतो कुठं?”

मी म्हटलं, घरी. मी एकटीच वाजवते. स्वतःची गाणी करते.

“कुणासाठी?”

मी वायर तुमच्यापुढं केली. तुम्ही डाग दिलात, वायर खोचलीत, आणि वाजवून बघा म्हणालात. मी ‘फाटा’चीच सुरावट वाजवली, कारण त्या दिवसांत दुसरं काही डोक्यात नव्हतं. दोन ओळी झाल्या असतील. तुम्ही टेबलाखालून एक लांबट पेटी काढलीत, फडक्यानं पुसलीत, टाईपरायटरसारख्या तिच्या बटणांवर डावा हात ठेवलात, उजव्या हातात नखी धरलीत आणि माझ्या मागून निघालात. शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडा मारत होतं. तो थांबला. काका, मी चार-पाच वर्षं खोलीचं दार लावून ती गाणी म्हणत होते. ती दारं लावून म्हणायची गाणी नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. मला मोठ्यानं हसू येत होतं.

वाजवून झाल्यावर तुम्ही म्हणालात, “आपलं गाणं जरा सावकाश चाललंय. पळवू का?” मी ‘पळवू नका’ म्हणाले ते वेगळं. पण ‘आपलं’ हा शब्द तुम्ही किती सहज वापरलात. तोपर्यंत ती माझी गाणी होती.

अमेरिकेच्या गाण्यांचं मी तुम्हाला नंतर सांगितलं. पुण्यात नोकरीला असताना मी ती ऐकायला लागले होते. तिकडच्या खेड्यांतली, हमरस्त्यांवरची, कामावरून दमून घरी येणाऱ्या माणसांची गाणी. एक माणूस, एक गिटार, आणि त्याची स्वतःची गोष्ट. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण रस्ता कळायचा. त्या प्रकाराला अमेरिकाना म्हणतात, असं सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, “मंग आपलं काय, जुन्नराना?” आपलं रेकॉर्डिंग करणाऱ्या अमोलला ते इतकं आवडलं की अल्बमच्या कव्हरवर त्यानं खाली बारीक अक्षरात तेच टाकलंय. तुमची परवानगी घेतलेली नाही.

तिकडंही बेंजो असतो म्हटल्यावर तुम्ही खूष झाला होतात. मग मी फोटो दाखवला. गोल, कातडं ताणलेलं, वर लांब दांडा. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, ताशाला दांडी लावल्यावानी दिसतंय. नाव तेवढं आपलं चोरलंय. मी म्हटलं, चोरलं असेल तर उलट्या बाजूनं. तुम्ही म्हणालात, आपण लग्नात वाजवतो, ते काय वाजवत असतील बिचारे. तुमच्या बेंजो-पार्टीचा तुम्हाला केवढा अभिमान होता. तुम्ही, ढोलकीवाले, पॅडवाले, सगळे लाल कोटात टेम्पोवर उभे, आणि पुढं अख्खं गाव नाचणारं. तुमचं एकच म्हणणं असायचं: ज्या गाण्यावर कुणाचा पाय हलत नाही ते गाणं आजारी आहे.

त्यावरून आपण भांडलो, ते राजुरीच्या लग्नात.

भांडणाच्या आधी जे झालं ते मी आयुष्यभर सांगत राहणार आहे. तुम्ही मला नुसतं बघायला या म्हणून बोलावलंत. येताना बाजा आणा, म्हणालात, दुरुस्ती कशी टिकली ते बघतो. मी भोळेपणानं आणला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तुमची पार्टी जरा टेकली. आणि तुम्ही माईक घेतलात. तोवर तुमच्या तोंडून ‘न्हाय’ आणि ‘लई’शिवाय काही ऐकलेलं नव्हतं मी. “रसिक श्रोतेहो,” तुम्ही म्हणालात, “आता आपल्यासमोर एक आगळंवेगळं गीत सादर होत आहे. आपण सर्वांनी शांतचित्तानं त्याचा आस्वाद घ्यावा, ही नम्र विनंती.” एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी बघतच राहिले. मग माईक माझ्या हातात आला.

जेवणारी एवढी माणसं, आणि समोर मी, एकटीनं खोलीत गाणारी. पण तुम्ही बेंजोवर सूर धरलात, ढोलकीवाल्यांनी हलकी थाप दिली, आणि मी सुरू केलं. गाण्यातली बाई फाट्यावर माहेरच्या गाडीची वाट बघते. गाड्या येतात, जातात, प्रत्येकीच्या पाटीवर दुसरंच गाव असतं.

चार वाटा, चार दिशा, मधी माझं गाव व्हतं,
गाडीच्या त्या पाटीवरती दुसरंच नाव व्हतं.

दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा मठ्ठा वाढणारा माणूस जग हातात धरून जागेवर उभा होता आणि पंगत त्याला हाका मारत होती. नवरीची एक मावशी की आत्या, जेवता जेवता थांबून शेजारणीला काहीतरी सांगत होती, आणि शेजारीण मान हलवत होती. कुणीही नाचलं नाही. पण गाणं संपल्यावर तीच बाई हात धुऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, मग शेवटी तिला गाडी मिळाली का? काका, तिनं गाण्याबद्दल विचारलं नाही, त्या बाईबद्दल विचारलं. मला तिथंच उडी मारावीशी वाटत होती.

परतताना टेम्पोत मी एकसारखी बोलत होते. तुम्ही बेंजो मांडीवर घेऊन गप्प. मला वाटलं दमलात. राजुरी मागं पडल्यावर मी विचारलं, काय झालं.

“तुमी माईकवर ‘व्हतं’ म्हणलात,” तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, गाण्यातली बाई इथली आहे. ती ‘होतं’ कशी म्हणेल?

“मला शिकवू नका ती बाई कशी बोलती. मी बी तसंच बोलतो. पण माईकवर न्हाय.”

मग तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्याच शब्दांत लिहायचं आहे मला, कारण त्यात माझं काही मिसळलेलं चालणार नाही. “आमच्या वस्तीत माईक हातात घेतला की शुद्ध बोलायचं, हे आमाला आमच्या बापानं शिकवलं. शाळंत मास्तर सगळ्यांनाच दुरुस्त करायचे. पण पोरं हसायची ती आमाला. तुमी ‘व्हतं’ म्हणलं तर लोक म्हणत्यात गोड वाटतंय, मातीतलं वाटतंय. आमी म्हणलं की म्हणत्यात, बघा, अजून बोलता येत न्हाय.”

टेम्पोत बाकीचे तुमचे साथीदारही ऐकत होते. मी इतकंच म्हणाले की गाणं मी बदलणार नाही. तुम्ही म्हणालात, नका बदलू, तुमचं गाणं हाय. त्या दिवशी ते परत ‘तुमचं’ झालं. ते मला फार लागलं.

एक गोष्ट मी तेव्हा सांगायला हवी होती, असं नाही म्हणत. सांगायची राहिली, एवढंच. पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या खोलीतल्या मुली मी ‘आमी’ म्हटलं की पुन्हा म्हणायला लावायच्या. प्रेमानंच. मी इतकं नीट शिकले की नंतर घरी आल्यावर ‘लई’ म्हणायला गेले तरी नाटकातल्यासारखं वाटायचं. आईसुद्धा हसली होती एकदा. माझी बोली माझ्या तोंडातून गेली होती, काका. ती परत आली फक्त गाताना. बोलताना नाही, गातानाच. म्हणून मी ‘व्हतं’ सोडायला तयार नव्हते. तुमचं दुखणं मोठं होतं, जुनं होतं, त्याच्यापुढं माझं काढायचं मला बरं वाटलं नाही. पण तुम्ही ऐकून घेतलं असतंत. आणि तरीही ‘माईकवर न्हाय’ म्हणाला असतात, याची मला खात्री आहे.

मला वाटलं, आता तुम्ही रेकॉर्डिंगला येणार नाही.

तुम्ही आलात. सगळ्यांच्या आधी आलात. अमोलनं, म्हणजे लग्नाचे साउंड लावणारा आणि पुण्यात रेकॉर्डिंग शिकून आलेला आपला अमोल, त्यानं त्याच्या मामाची द्राक्षं थंड करायची खोली मिळवली होती. हंगाम संपलेला, खोली रिकामी, भिंती जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही. आतल्या आत आवाज घुमायचा म्हणून आपण भिंतींना घोंगड्या टांगल्या. तुम्ही लग्नातला लाल कोट घालून आला होतात. अमोल म्हणाला, काका, इथं कोण बघणार आहे? तुम्ही म्हणालात, बेंजोला सवय हाय.

त्या खोलीत आपण काय धमाल केली. उन्हाळा, बंद खोली, पंखा लावायचा नाही कारण तो माईकमध्ये येतो. एक गाणं झालं की तिघंही धावत बाहेर, टाकीच्या नळाखाली डोकं. लाईट गेली की डाळिंबाच्या झाडाखाली बसून कलिंगड. बिबट्याच्या गाण्यात तुम्ही ट्रकचा हॉर्न वाजवायचा हट्ट धरलात, उसातून बिबट्या निघाला की ड्रायव्हर हॉर्न मारणारच, असं तुमचं म्हणणं. खोक्यातून तीन हॉर्न घेऊन आलात, गाण्याच्या सुराला कुठला लागतो ते बघायला. एक लागला. तो अल्बममध्ये आहे, आणि त्या पिकअपवाल्यानं तेवढाच तुकडा मला दोनदा ऐकवला.

आणि मग ‘फाटा’ची पाळी आली.

पहिलं ध्रुवपद. ‘मधी माझं गाव व्हतं’. मी ‘व्हतं’ म्हटलं आणि बेंजो थांबला. मला वाटलं तार तुटली. पण पुढच्या ओळीला तुम्ही बरोबर उचललंत. दुसऱ्या ध्रुवपदाला पुन्हा तेच. मी ‘व्हतं’ म्हणायची, तुम्ही तारांवरून हात उचलायचात, छातीशी धरायचात, छताकडं बघायचात. शब्द संपला की पुन्हा सुरू. अख्खं गाणं तुम्ही तसंच वाजवलंत. माझ्या त्या शब्दाला तुमचा बेंजो साथ देणार नव्हता.

गाणं संपलं तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं नाही. रागही आला होता आणि हसूही येत होतं. तुम्ही अमोलला म्हणालात, चूक झाली, परत घेऊ. अमोल कानाला हेडफोन लावून बसला होता. त्यानं हात वर केला. “कुणी काही बोलू नका,” तो म्हणाला, आणि त्यानं ते आपल्याला ऐकवलं.

काका, त्या जागा. सगळं वाजतंय, आणि एकदम काहीच नाही, नुसता तो शब्द, उघडा, एकटा, रस्त्यावर उभ्या राहिलेल्या त्या बाईसारखा. आणि मग बेंजो येतो आणि तिला उचलून पुढं नेतो. मी कितीही डोकं चालवलं असतं तरी मला हे सुचलं नसतं, कारण हे सुचून झालंच नव्हतं. तुम्ही माझ्याशी भांडत होतात आणि ते भांडण गाण्यात जाऊन बसलं होतं.

तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत. आणि पुन्हा. मग म्हणालात, “चूक हाय. पण राहू द्या.”

अमोलनं ते गाणं फोनवर पाठवल्यापासून तुम्ही काय केलंत ते मला काकींकडून नंतर कळलं. वस्तीत कुणाच्याही ओट्यावर बसायचं आणि फोन लावायचा. पाणी भरायला आलेल्या बायकांना थांबवून ऐकवायचं. शेडमध्ये हॉर्न लावायला येणाऱ्या ड्रायव्हरला आधी गाणं, मग हॉर्न. मला मात्र फोनवर सांगायचात, अजून कुणाला ऐकवलं न्हाय, तुमचा ‘व्हतं’ ऐकून लोक नावं ठेवतील.

तुम्ही गेलात त्याचं मला फार लिहायचं नाही. काकींनी चहा ठेवला होता, तुम्ही अंगणात आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होतात, आणि चहा होईपर्यंत सगळं संपलं होतं. अमोलचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत पुस्तकं कपाटात लावत होते. बराच वेळ लावतच राहिले. संध्याकाळी बघितलं तर सगळी भलत्या कपाटात होती. राग आला मला तुमचा, तेही सांगून टाकते. शेवटचं गाणं राहिलं होतं, येडगावच्या धरणाच्या पाण्याचं. त्याची सुरावट तुम्ही शेडमध्ये वाजवून दाखवली होतीत, रेकॉर्ड करायची बाकी होती. अमोल म्हणाला, दुसरा बेंजोवाला बघू का. त्याचं चुकलं नाही, तो कामाचं बोलत होता. मी नको म्हटलं. ते गाणं अल्बममध्ये नाही. ते मी समोर माणसं असतील तेव्हाच म्हणेन, नुसत्या गिटारवर, आणि दर वेळी थोडं वेगळं होईल.

आता राहिला तुमच्या पुण्यानुमोदनाचा दिवस. हेच तुम्हाला सांगायचं होतं, बाकी सगळं इथवर येण्यासाठी.

विहारासमोर मांडव घातला होता. सकाळची वेळ. तुमचा फोटो, पांढरी फुलं, वंदना झाली, बोलणाऱ्यांची भाषणं झाली. सगळे किती शुद्ध बोलले, काका. तुमच्या ढोलकीवाल्यांनीसुद्धा, डोळे पुसत, एकेक शब्द तोलून. मी पांढरी साडी नेसून बायकांत मागं बसले होते. गिटार आणली नव्हती. मग काकी उठून माझ्याजवळ आल्या. तुमच्या आणि माझ्या गाण्यांच्या कामात त्या कधी पडल्या नव्हत्या, चहा द्यायच्या आणि आत जायच्या. त्या म्हणाल्या, ते गाणं म्हण.

मी म्हटलं, इथं? काकी म्हणाल्या, “त्यांनी सगळ्यांना ऐकवलंय. आता तू ऐकव.”

माईकपर्यंत जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ‘होतं’ म्हणू की ‘व्हतं’? तुमची वस्ती, तुमची माणसं, तुमच्या वडलांनी जिथं तुम्हाला माईकवर नीट बोलायला शिकवलं ती जागा. इथं मी बाहेरून येऊन माझ्या हौसेचा ‘व्हतं’ लावायचा? त्या दहा-पंधरा पावलांत मी ठरवलं. आज ‘होतं’. हे गाणं नंतर मी हजारदा माझ्यासारखं म्हणेन, आज तुमच्यासारखं. ढोलकीवाल्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. बेंजो फोटोशेजारी ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नाही.

मी सुरू केलं. नुसती ढोलकी आणि मी. पहिलं कडवं गेलं. ध्रुवपद आलं. ‘चार वाटा, चार दिशा, मधी माझं गाव’ इथवर आले, आणि तोंडात ‘होतं’ तयार ठेवलं, अगदी स्वच्छ.

आणि काका, बायकांमधून ‘व्हतं’ आला.

एकीचा नाही. सगळ्यांचा. पाणी भरणाऱ्या, ओट्यावर बसणाऱ्या, तुम्ही थांबवून थांबवून गाणं ऐकवलेल्या सगळ्यांचा एकदम, मोठा, ठणठणीत. माझा ‘होतं’ त्याच्याखाली कुठं गेला मला कळलंही नाही. आणि पुढची गोष्ट तर ऐका. शब्द म्हटला आणि सगळ्या गप्प झाल्या. ढोलकी थांबली. अख्खा मांडव तेवढा एक श्वास थांबला. कारण त्यांच्यासाठी गाणं तसंच आहे. तिथं थांबायचं असतं. तुम्ही माझ्यावर रागावून तारांवरून हात उचललात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं चालच तशी आहे.

त्या थांबण्यात मी पुढची ओळ विसरले. माझं स्वतःचं गाणं, मी लिहिलेलं. उभी राहिले तशीच, आणि त्यांनी ओळ उचलली. ‘गाडीच्या त्या पाटीवरती दुसरंच नाव’, आणि पुन्हा ‘व्हतं’, आणि पुन्हा ते थांबणं, आणि मग पुढचं कडवं, जे मला वाटत होतं कुणालाच येत नसेल. फोटोतून तुम्ही बघत होतात. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा पाय हलत होता. मी मोठ्यांदा हसले, तुमच्या फोटोसमोर, पांढऱ्या साडीत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

काकी पहिल्याच रांगेत होत्या, त्याही म्हणत होत्या. नंतर मला म्हणाल्या, “त्यांना माईकवर चाललं नसतं. पण त्यो माईकवर कुठं व्हता? आमी तर खालनं म्हणलं.” मला वाटतं, एवढ्यावर तुम्हीही गप्प बसला असतात. थोडा वेळ. मग काहीतरी काढलंच असतंत.

आपला वाद मिटला असं मी कुणाला सांगत नाही, तुमच्या पाठीमागं तर नाहीच. हे लिहिताना, बघा, मी सगळीकडं ‘होतं’च लिहिलंय. लिहिणं म्हणजे माईकच की एक प्रकारचा. तुम्ही बरोबर असाल. पण त्या सकाळी मी माईक धरून नुसती उभी होते, तोंड मिटून, आणि माझ्यासमोर माझं गाणं तुमच्या वस्तीच्या गळ्यातून चाललं होतं, तुमच्या थांबण्यासकट, तुमच्याशिवाय आणि माझ्याशिवाय. मला ते पकडावंसं वाटलं नाही. ते पार पुढं, लई लांब गेलं व्हतं.